गोधड्यांचे तीन दिवस

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आठही शिंपले मिटले. वृषाली बोराडेने पडद्यावरचे आठ लाल ठिपके पाहिले, इशाऱ्याचा आवाज बंद केला आणि कारणाच्या चौकटीत सलग तिसऱ्या दिवशी तोच एक शब्द टाकला : गोधड्या.

त्यात नवल काहीच नव्हतं. घट बसायच्या आधी घरातली चिंधी न चिंधी धुऊन निघाली पाहिजे, हा आंबेटाक्याचा रिवाज घरोघरी यंत्रं आल्यावरही टिकला होता, कारण भिजलेली गोधडी कुठल्याच यंत्राला पेलत नाही. सात वर्षांपूर्वी पाणथळीसाठी ओहोळाकाठची जागा घेतली गेली, तेव्हा बायकांची धुण्याची जागाही तिच्यात गेली. बायकांनी ती दिली ती एका अटीवर. घटाआधीचे तीन दिवस तिसऱ्या तळ्यावर धुणं होईल. अट लेखी करारात घेतली गेली.

पाणथळ म्हणजे तीन तळी. वरच्या चारशे दहा एकर द्राक्षबागांतून वाहून येणारं पाणी आधी पहिल्या तळ्यात थांबतं आणि माती खाली बसते. मग ते दुसऱ्यातल्या खडीतून आणि पाणकणसांच्या मुळ्यांतून झिरपत जातं. त्या मुळ्यांवर प्रयोगशाळेत निवडून वाढवलेले जिवाणू असतात. फवारणीतल्या एकतीस औषधांचे रेणू ते तोडू शकतात. तिसरं तळं उथळ असतं, तिथे उरलंसुरलं काम ऊन करतं. सात दिवसांचा हा प्रवास संपला की पाणी स्टीलच्या एका कुंडीतून झडपेकडे जातं, झडपेतून ओहोळात आणि चौदा तासांनी खालच्या कुरणगावच्या विहिरीत.

त्या कुंडीत आठ शिंपले होते. नदीतले, साधे. प्रत्येकाच्या कवचावर डाळीएवढं लोहचुंबक चिकटवलेलं, त्यामुळे कवच किती उघडं आहे ते यंत्राला कळे. शिंपला पाणी गाळून जगतो. पाण्यात काही बाधक आलं की तो मिटतो. सहा शिंपले बारा मिनिटं मिटलेले राहिले की झडप आपोआप पडायची, कुरणगावला संदेश जायचा आणि वरच्या सगळ्या बागांची फवारणी कायद्याने थांबायची. तळ्यांत पाणी कोंडलेलं असताना वरून नवं विष येऊन चालत नाही. गावाने या आठांना अष्टविनायक असं नाव ठेवलं होतं. वृषाली त्यांची राखणदार. रोज सकाळी ती चमच्याच्या दांड्याने प्रत्येक उघड्या शिंपल्याला टिचकी मारायची. जिवंत असला तर तो मिटायचा. मेलेला शिंपलाही उघडाच असतो आणि यंत्राला दोघांतला फरक कळत नाही.

साबणालाही शिंपले मिटतात. म्हणून पहिल्याच वर्षी पाणथळीच्या इंजिनिअर मीनल देवस्थळी यांनी राखणदाराला मुभा दिली होती. या तीन दिवसांत रोज कारण नोंदवायचं आणि इशारा बंद करायचा, म्हणजे झडप पडत नाही. पंधरवड्याचे पाण्याचे नमुनेही हे दिवस टाळून घेतले जात, साबणामुळे तपासणी बिघडते म्हणून. वृषालीने सहा वर्षं नियम तंतोतंत पाळला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी तिने माहेरी फोन लावला. माहेर कुरणगाव, ओहोळाने सहा किलोमीटर खाली. घटासाठी आईला काही लागतंय का, एवढंच विचारायचं होतं.

माईंचा आवाज बारीक होता. काल दुपारपासून पोटात पिळवटतंय, दोनदा उलटी झाली, तोंडाला सारखं पाणी सुटतंय. परडीत घालायची माती चाळत होत्या, तर चाळणीची भोकंच दिसेनात, सगळं धूसर.

"उपासाचं पित्त गं," माई म्हणाल्या. "दर वर्षीचंच आहे. शेजारच्या जिजाबाईला पण झालंय."

वृषालीनेही दर वर्षी तेच ऐकलं होतं. नवरात्रात माई नऊ दिवस पाणी आणि चहावर काढायच्या, डॉक्टर पित्ताच्या गोळ्या द्यायचा आणि दसऱ्यापर्यंत त्या बऱ्या व्हायच्या. तिने जपायला सांगितलं, फोन ठेवला आणि कुंडीकडे चार पावलं गेली. तिथे ती थांबली आणि तिने पुन्हा फोन लावला.

"माई, उपास उद्यापासून ना?"

"हो. घट उद्या बसतील."

"मग काल दुपारी तू जेवली होतीस?"

"जेवले की. भाकरी आणि मेथीची भाजी. का गं?"

वृषालीने मनात तास मोजले. परवा सकाळी नऊला धुणं सुरू झालं होतं. त्यात चौदा तास मिळवले की परवा रात्रीचे अकरा होतात. विहिरीतलं पाणी काल सकाळी टाकीत चढलं असणार आणि काल दुपारी माईंना उलटी झाली. तिचा धाकटा भाऊ हर्षल कुरणगावच्या टाकीवर कामाला होता. घटासाठी ज्यादा पाणी लागतं म्हणून या दिवसांत तो सकाळ-संध्याकाळ टाकी भरायचा. पुढची खेप आज पाच वाजता होती.

तळ्यात तेव्हा चाळीसेक बायका होत्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या गोधड्या तुडवत होत्या आणि पाणी चहासारखं झालं होतं. वृषालीची मोठी जाऊ सुनंदाताई कमरेला पदर खोचून सगळ्यांत पुढे होती. वृषालीने तिच्याकडे साबणाचं पाणी मागितलं.

"घे की. विनायकांना आंघोळ घालतेस का? रुसलेत ना तीन दिवस?"

वृषालीकडे सहा राखीव शिंपले होते, बोअरच्या पाण्यात ठेवलेले. तिने तीन बादल्या मांडल्या. पहिलीत बोअरचं पाणी आणि सुनंदाताईच्या टोपलीतला साबण. दुसरीत तळ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं, धुणं पोहोचलं नव्हतं तिथलं पाणी आणि तिथलाच ढवळलेला गाळ, साबणाशिवाय. तिसरीत तेच पाणी, तोच गाळ आणि साबण. प्रत्येकीत दोन शिंपले सोडले, हात लागल्याने सगळे मिटलेले, आणि तिने मोबाइलवर वेळ लावली.

बायका गोधड्या सोडून भोवती जमल्या. कुणी तरी म्हणालं की आता बोराड्यांची सून शिंपल्यांचं लग्न लावणार. हशा झाला.

गाळाच्या बादलीतले दोघे चार मिनिटांत उघडले. साबणाच्या बादलीतला एक नवव्या मिनिटाला, दुसरा अकराव्या. तिसऱ्या बादलीतले विसाव्या मिनिटाला मिटलेले होते. तिसाव्यालाही. आणि चाळिसाव्यालाही. सुनंदाताईने पाण्यात असलेला पाय काढून दगडावर ठेवला आणि पदराने पुसला.

"म्हणजे साबणाने नाही," ती म्हणाली.

"नुसत्या साबणाने नाही."

वृषालीने सगळ्यांना पाण्याबाहेर यायला सांगितलं. पाय घरी जाऊन स्वच्छ धुवा, गोधड्या इथेच राहू द्या. कारण विचारणाऱ्यांना ती म्हणाली की अजून तिला नीट माहीत नाही, आणि ते खरं होतं. सहा शिंपले आणि तीन बादल्या यांना पुरावा म्हणत नाहीत, एवढं तिला समजत होतं.

सव्वाबाराला मीनल देवस्थळी नाशिकहून फोनवर आल्या. त्यांनी एकदाही न अडवता ऐकून घेतलं आणि मग सावकाश बोलल्या. काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत, मातीच्या कणाला धरून बसतात. जिवाणू पाण्यातलं खातात. कणाला चिकटून काळ्या, हवा नसलेल्या गाळात गेलेलं त्यांच्या हाती लागत नाही. बारीक कण पहिल्या तळ्यात न बसता तिसऱ्यापर्यंत येतात. साबण कपड्याचा तेलकटपणा जसा सोडवतो, तसंच हे विष मातीपासून सोडवू शकतो. वरून चाळीस बायका गाळ तुडवताहेत.

"आपल्याला वाटत होतं पाणथळ ते संपवते," त्या म्हणाल्या. "काही औषधं ती नुसती साठवत असावी. सात वर्षांचं."

"आणि शिंपले?"

"दरवर्षी त्याच कारणाने मिटत असतील, तर त्यांचा इशारा दरवर्षी खरा होता." मग त्या म्हणाल्या, "मुभा मी दिली होती. पण नोंदी तुमच्या नावाने आहेत, वृषाली. तपासणीला चाळीस तास लागतील. तोवर हा फक्त अंदाज आहे. झडपेचा निर्णय राखणदाराचा असतो, तो मी इथून घेऊ शकत नाही."

हे सांगताना त्यांचा स्वर कोरडा नव्हता, पण वाक्य नियमावलीतलं होतं.

दीड वाजता दौलतभाऊ आले. वृषालीचे थोरले दीर, द्राक्ष उत्पादक गटाचे अध्यक्ष, वय सत्तावन्न. सुनंदाताईने घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं. पाणथळीला सात वर्षांपूर्वी गाव डासांचं तळं म्हणत होतं, तेव्हा तिसऱ्या तळ्यासाठी स्वतःची वीस गुंठे जागा याच माणसाने दिली होती. ते आले आणि आधी कुंडीत वाकून शिंपले बघितले. मग आभाळाकडे. तीन दिवस ढग हटले नव्हते. छाटणी होऊन सोळा दिवस झालेले, वेलींवर चार-पाच पानांची कोवळी फूट आलेली. अशा हवेत डावणी रोग दोन दिवसांत बाग खातो. वरच्या बांधापलीकडे फवारणीच्या ड्रोनची घरघर सकाळपासून अखंड चालू होती.

झडप पाडायची आहे, असं वृषालीने सांगितलं. पाड, ते म्हणाले, त्यांची ना नव्हती. फक्त कारण 'दुरुस्ती' लिहावं. दुरुस्तीसाठी झडप बंद असली तर फवारणीला अठ्ठेचाळीस तासांची सवलत मिळते. तेवढ्यात चाळीस तासांची तपासणीही येईल. विष निघालं तर ते स्वतः सगळे ड्रोन उतरवतील.

"दुरुस्तीला कुरणगावला संदेश जात नाही," वृषाली म्हणाली.

"हर्षलला फोन कर. तुझा भाऊ आहे. सांग, टाकी भरू नको म्हणून. तुला कोण अडवतंय?"

तिने याचा विचार केला होता. तोंडी सांगण्यावर तीन हजार माणसांचं पाणी हर्षल कसा तोडणार, तेही घट बसायच्या आदल्या दिवशी? सरपंचाने कारण विचारलं तर बहिणीचा फोन आला, असं सांगणार? आणि जे पाणी कालपासून लोकांच्या पोटात गेलं होतं, त्याचं काय?

"भाऊ, माई काल दुपारपासून उलट्या करतेय. डॉक्टर तिला पित्ताची गोळी देतोय. सहा वर्षं देतोय. फवारणीच्या औषधाची बाधा असेल तर तिचं इंजेक्शन वेगळं असतं. त्याला कुणी तरी सांगायला हवं ना?"

दौलतभाऊंनी पुन्हा कुंडीकडे पाहिलं.

"पाणथळ नव्हती तेव्हा कुरणगाव हे पाणी थेट पीत होतं," ते म्हणाले. "तेव्हा कुणी मोजलं नाही. आता आपण तीनशे बासष्ट दिवस स्वच्छ पाणी देतो, त्याचं नाव कुणी घेणार नाही. तीन दिवसांचं नाव होईल. आणि तुझं."

"हो."

"सहा नोंदी आहेत तुझ्या."

"नऊ... नाही, जास्त. दर वर्षी तीन. अठरा. यंदाच्या तीन धरून एकवीस."

"आणि उद्या घरात घट आहेत. अविनाशला काय सांगशील?"

अविनाश तिचा नवरा. वरच्या बांधापलीकडचे चार ड्रोन तोच उडवत होता. त्याला काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि तसं ती म्हणाली. दौलतभाऊंनी मान हलवली, चप्पल घातली आणि मागे न बघता बांधावरून निघून गेले. त्यांनी तिला थांबवलं नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं की त्यांना शब्द सुचले नाहीत, ते तिला पुढेही कळलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिने इशारा पुन्हा चालू केला. यंत्राने बारा मिनिटं मोजली. दोन सतराला झडप पडली. तेलपाणी केलेली झडप होती, फार मोठा आवाज झाला नाही. कारणाच्या चौकटीत तिने या वेळी लिहिलं : 'तिसऱ्या तळ्यातील गाळातून साबणामुळे औषधे सुटत असल्याचा संशय. गेल्या सहा वर्षांत याच दिवसांत इशारा मी बंद केला होता. त्या काळात कुरणगावात आजारी पडलेल्यांची तपासणी व्हावी. वृषाली अविनाश बोराडे.' चौकटीत एवढं मावत नव्हतं. शेवटची ओळ तिने दुसऱ्या नोंदीत टाकली.

दोन वीसला ड्रोनची घरघर थांबली. एकामागून एक, चौथा सर्वांत शेवटी.

तिने हर्षलला फोन लावला. त्याला संदेश पोहोचला होता. टाकी रिकामी करतो आणि टँकर मागवतो, म्हणाला. आरोग्य केंद्रालाही कळवतो. मग वृषालीने माईंना फोन लावला. तिला हे स्वतः सांगायचं होतं. सांगताना तिने काही मऊ केलं नाही. इशारा कसा यायचा, ती काय लिहायची, किती वेळा.

माईंनी सगळं ऐकलं.

"सगळी सहा वर्षं?"

"हो."

फोन बंद झाला.

तपासणीचा अहवाल दुसऱ्या माळेच्या सकाळी आला. दोन औषधं मर्यादेपेक्षा जास्त होती, त्यातलं एक तेवीस पट. त्या औषधावर पाच वर्षांपूर्वीच बंदी आली होती आणि आंबेटाक्यात तेव्हापासून ते कुणी वापरलं नव्हतं. ते गाळात होतं. कुरणगावच्या आरोग्य केंद्रात एकसष्ट जणांची नावं लिहिली गेली. माई दोन दिवस तिथे होत्या, मग घरी आल्या. हे वृषालीला हर्षलकडून कळलं. आधीच्या सहा वर्षांचं काय करायचं, याबद्दल अहवालात एक ओळ होती : पूर्वीचे नमुने उपलब्ध नाहीत.

वृषालीला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केल्याचं पत्र आलं. नवा राखणदार येईपर्यंत काम बघावं, असंही त्याच पत्रात होतं. घरात घट बसले. अविनाश तिच्याशी कामापुरतं बोलत होता, सुनंदाताई नेहमीसारखं, आणि दौलतभाऊ अजिबात नाही. त्यांच्या बागेत पानांवर तेलकट डाग आले होते. वरच्या अंगाला गटाच्या बागांचा तिसरा हिस्सा गेला, असा अंदाज होता. गोधड्या अजून तळ्याकाठीच पडून होत्या. त्या धुवाव्यात की जाळाव्यात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या माळेला, सकाळी साडेनऊला, पडद्यावरचे आठ ठिपके हिरवे झाले.

दौलतभाऊ दहा मिनिटांत आले. त्यांच्या मोबाइलवरही ते दिसत असणार. आठ उघडे, ते म्हणाले. पाच दिवसांत तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. आता पाणी चांगलं झाल्याचं कळवायचं ना?

वृषालीने चमचा उचलला. पहिल्या शिंपल्याला टिचकी मारली. तो मिटला. दुसरा मिटला. तिसऱ्याला तिने दोनदा मारली, मग चमच्याने उलटा करून पाहिला. आतलं मांस ढिलं, पांढुरकं पडलं होतं. तिने तो बाहेर काढून कठड्यावर ठेवला. चौथा मिटला. पाचवा मिटला नाही, तोही कठड्यावर गेला. सहावा, सातवा, आठवा मिटले.

"सहा आहेत," ती म्हणाली.

दौलतभाऊंनी कठड्यावरच्या दोघांकडे पाहिलं. "यंत्रात तर हेही हिरवे होते."

"हो."

"मग आता?"

"जिवंत आहेत ते टिचकीने मिटलेत. पाणी चांगलं असेल तर आपणहून उघडतील. बघायचं."

किती वेळ, असं त्यांनी विचारलं. सांगता येत नाही, ती म्हणाली. तिला वाटलं ते जातील. ते कठड्यावर बसले, मेलेल्या दोन शिंपल्यांच्या पलीकडे, हात गुडघ्यांवर ठेवून, पाण्यात बघत.

बारा मिनिटांनी एक कवच किंचित हललं. तेवढ्यात वृषालीचा मोबाइल वाजला. पडद्यावर माईंचं नाव होतं. तिने दोन रिंग वाजू दिल्या, तिसरीला फोन उचलला.

"उघडले का गं?" माईंनी विचारलं. आवाज अजून पातळ होता.

"एक उघडतोय. पाच राहिलेत."

फोन ठेवला गेला की काय म्हणून वृषालीने पडद्याकडे पाहिलं. ठेवला नव्हता.

"तू बघ," माई म्हणाल्या. "मी आहे फोनवर."